सगळे खेळतात तो खेळ : व्हिडिओ गेमच्या आवडीचा आणि नावडीचा इतिहास

एखादा खेळ का सोडला असे विचारले की बहुतेक जण एकच उत्तर देतात: कंटाळा आला. रोजच्या बोलण्यात हे उत्तर पुरते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ते पुरत नाही, कारण लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो. २०१९ साली वसतिगृहांच्या खोल्याखोल्यांतून रात्री दोन वाजेपर्यंत पबजीचा आरडाओरडा ऐकू येत होता. तीन-चार वर्षांत तो ओसरला. कंटाळा ही जर प्रत्येकाची खासगी गोष्ट असेल, तर तो इतक्या लोकांना जवळपास एकाच सुमारास कसा आला? आणि त्याच २०१९ साली ज्या मुलाला पबजी मुळीच आवडत नसे, त्याला आपल्यातच काहीतरी कमी आहे असे का वाटत असे?

मला हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. मी होसकोटे परिसरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. बेंगळुरूच्या पूर्वेला, जुन्या मद्रास रस्त्यावरचे हे गाव. शहाजीराजांच्या बेंगळुरूच्या जहागिरीत ते होते, त्यामुळे मराठी वाचकाच्या कानावरून कदाचित गेले असेल. आमच्याकडे देशभरातून मुले येतात. पहिल्या सहामाहीत त्यांच्या ओळखी होतात त्या भाषेमुळे कमी आणि खेळामुळे जास्त. चौघांचा चमू जमला की मैत्री जमली. ज्याला तो खेळ रुचत नाही तो मेसमध्ये ताट घेऊन कडेला बसतो, किंवा न आवडणारा खेळ रोज दोन तास खेळत राहतो. अठराव्या वर्षी घरापासून हजार किलोमीटर दूर आलेल्या मुलासाठी ही लहान गोष्ट नाही. म्हणून आवड कशी घडते आणि कशी विरते, हे जरा मागे जाऊन पाहू.

आधी थोडे पत्त्यांविषयी

व्हिडिओ गेमच्या फार आधीपासून लोकांची खेळांवरची मर्जी फिरत आलेली आहे. गंजिफा हे त्याचे चांगले उदाहरण. बाबराच्या आत्मचरित्रात १५२७ च्या सुमारास गंजिफा भेट पाठवल्याची नोंद आहे. मोगली गंजिफात आठ रंग आणि ९६ पाने. दख्खनेत आणि कोकणात या खेळाने दशावतारांचे रूप घेतले: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पाने, एकूण १२० गोल पाने. सावंतवाडीचे चितारी ही पाने हाताने रंगवत. खेळ सोपा नाही. कोणते पान पडले, कोणते हातात अडकले हे सगळे ध्यानात ठेवावे लागते, आणि निम्म्या रंगांत पानांची चढउतार उलटी चालते, म्हणजे एक्का दश्शीपेक्षा वरचढ ठरतो.

मग छापील विलायती पत्ते आले. ५२ पाने, स्वस्त, खिशात मावणारी, आणि नियम कुणालाही दहा मिनिटांत शिकवता येणारे. गंजिफा वाईट झाला म्हणून लोकांनी सोडला नाही. चार भिडू जमले आणि त्यांतल्या दोघांना येत नसेल तर तो डाव बसत नाही, एवढेच झाले. येणारे कमी झाले की डाव कमी बसतात, डाव कमी बसले की शिकणारे आणखी कमी होतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाने रंगवणारे हातही मोजकेच उरले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात ही कला पुन्हा उभी केली, आणि २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकनही मिळाले. आज पर्यटक ती पाने विकत घेतात आणि काचेत लावतात. हस्तकला वाचली, पण खेळणारे फारसे परतले नाहीत.

आमच्या कर्नाटकातले उदाहरण याहून गमतीचे आहे. मैसूरचे मुम्मडी कृष्णराज वडेयार यांचा राज्यकारभार १८३१ मध्ये इंग्रजांनी काढून घेतला. राजाकडे वेळ होता, हौस होती, चित्रकार होते. त्यांनी स्वतः पत्त्यांचे तेरा नवे खेळ रचले, त्यांतल्या सर्वांत मोठ्या खेळात तर ३६० पाने! त्यांची माहिती ‘श्रीतत्त्वनिधी’ या त्यांच्या ग्रंथात सचित्र आली आहे. इतक्या आवडीने, इतक्या खर्चाने रचलेले हे खेळ राजवाड्याबाहेर रुजले नाहीत. एकट्या माणसाची आवड कितीही खरी असली तरी तिला भिडू मिळतीलच असे नाही. ३६० पानांचा डाव मांडून बसलेला तो राजा मला आमच्या वसतिगृहातल्या काही मुलांसारखा वाटतो.

कॅसेटचा काळ

आता पडद्याकडे वळू. १९८३ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी १५ जुलैला जपानमध्ये निन्टेन्डोने फॅमिकॉम हे यंत्र विक्रीला आणले. त्याच वर्षी अमेरिकेत घरगुती व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला. वर्षाला सुमारे ३२० कोटी डॉलरची असलेली ही बाजारपेठ १९८५ पर्यंत सुमारे १० कोटींवर आली असे सांगतात. कारणे अनेक होती, पण मुख्य म्हणजे दुकानांत वाईट खेळांचा ढीग पडला होता. अटारी कंपनीचा ‘ई.टी.’ हा खेळ नाताळ गाठायचा म्हणून जेमतेम पाच आठवड्यांत लिहून काढला गेला. न खपलेली कॅसेट न्यू मेक्सिकोतल्या आलामोगोर्डो गावाच्या कचराडेपोत पुरण्यात आली. लोक तिला दंतकथा समजत. २०१४ साली खणून पाहिले तेव्हा ती खरोखर सापडली. लोकांना ‘खेळ’ या गोष्टीचा कंटाळा आला असे तेव्हा अमेरिकी दुकानदारांनी ठरवून टाकले होते. दोनच वर्षांत फॅमिकॉमने अमेरिकेत नवे नाव घेऊन ते खोटे पाडले.

हीच फॅमिकॉम आपल्या घरांत आली, पण मागच्या दाराने. उपभोग्य वस्तूंच्या आयातीवरची संख्यात्मक बंधने भारताने पूर्णपणे उठवली ती १ एप्रिल २००१ ला. त्याआधी परदेशी कन्सोल सरळ दुकानात मिळणे अवघड होते. १९९० च्या दशकात ‘समुराई’, ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी जी यंत्रे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत, बेंगळुरूच्या एसपी रोडवर मिळत, त्यांच्या पोटात निन्टेन्डोचीच रचना होती. मूळ यंत्रातल्या अनेक चिप एकाच स्वस्त चिपवर बसवण्याची युक्ती तैवान आणि चीनच्या कारखान्यांनी साधली, म्हणून ते मध्यमवर्गाला परवडले. आपण त्याला ‘व्हिडिओ गेम’ म्हणायचो, कार्ट्रिजला ‘कॅसेट’ आणि हातातल्या बटणांना ‘रिमोट’. कॅसेट चालली नाही की काढून तिच्या तोंडात फुंकर मारायची. फुंकरीने संपर्क सुधारत नसे, पुन्हा नीट बसवल्याने सुधारत असे; उलट फुंकरीतल्या ओलाव्याने पत्र्याला गंजच चढतो. हे मी इलेक्ट्रॉनिक्सच्या तासाला सांगतो तेव्हा मुले ऐकतात, त्यांचे पालक मात्र मानत नाहीत.

त्या यंत्रात अंतर्गत स्मृती दोन किलोबाइट होती. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा अख्खा खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवलेला होता. तुम्ही वाचत असलेल्या या टिपणाची युनिकोड फाइलही जवळपास तेवढीच भरेल. या मर्यादेचा आवडीशी थेट संबंध आहे. एवढ्याशा जागेत फार मजकूर मावत नाही, म्हणून खेळ लांबवायचा एकच मार्ग: तो कठीण करायचा. ‘कॉन्ट्रा’मध्ये तीन लाइफ मिळत. गोळी लागली की लाइफ गेली, तिन्ही गेल्या की बहुतेक वेळा पहिल्यापासून. तीस लाइफ देणारी बटणांची ती प्रसिद्ध क्रमवारी, वर-वर-खाली-खाली, इंटरनेट नसताना इचलकरंजीपासून इंफाळपर्यंत पोचली होती. ती कशी पोचली याचा इतिहास अजून कुणी लिहिलेला नाही.

माझे लहानपण सांगलीत गेले. गल्लीत एका घरी यंत्र, दुसऱ्या घरी रंगीत टीव्ही, आणि कॅसेट तिसऱ्याची, असा संसार होता. ‘९९९९९९ इन १’ असे लिहिलेल्या कॅसेटमध्ये प्रत्यक्षात पंधरा-वीसच खेळ असत, तेच पुन्हा पुन्हा नाव बदलून. म्हणजे आम्हाला निवड फारशी नव्हती. आज माझ्या वयाचे लोक ‘आमच्या वेळचे गेम काय होते!’ असे म्हणतात तेव्हा त्यांच्या आवडीत त्या टंचाईचा मोठा वाटा असतो, हे इतिहासकाराने नोंदवलेच पाहिजे. एकच खेळ सहा महिने पुरवून खेळला की तो हाडात मुरतो. मला स्वतःला कॉन्ट्रा फारसा आवडत नसे. मला ‘बॅटल सिटी’ आवडे, तो रणगाड्यांचा, कारण त्यात स्वतःचा नकाशा रचता येत असे. गोळ्या झाडण्यापेक्षा विटा मांडण्यातच माझा वेळ जायचा. ही आवड वेगळी होती, पण कुणाला कळलीही नाही. पाळी येईपर्यंत बाकीचे तसेही अंगणात क्रिकेट खेळत.

सीडी, कॅफे आणि न सुटणारा एक क्रिकेटचा खेळ

संगणकाच्या काळाविषयी मी थोडक्यात सांगतो. शाळेच्या प्रयोगशाळेत ‘डेंजरस डेव्ह’ आणि ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’, घरी ‘रोड रॅश’, मग २००३ पासून संगणकावर ‘व्हाइस सिटी’. सायबर कॅफेत तासाच्या दराने ‘काउंटर स्ट्राइक’. चोरीच्या सीडीमुळे खेळ एकदम मुबलक झाले, आणि लोक खेळ अर्धवट सोडू लागले. कॅसेटच्या काळात शेवटची स्टेज कुणी पाहिली यावर बढाया चालत. सीडीच्या काळात कुणाकडे किती खेळ आहेत यावर चालू लागल्या.

या काळातली एकच गोष्ट मला तपशिलात सांगावीशी वाटते. ‘क्रिकेट ०७’ हा ईए स्पोर्ट्सचा खेळ २००६ च्या अखेरीस आला. त्यानंतर कंपनीने क्रिकेटची ही मालिकाच थांबवली. कंपनीच्या हिशेबात तो खेळ तिथे संपला. भारत, पाकिस्तान, बांगलादेशातल्या मुलांच्या हिशेबात संपला नाही. त्यांनी खेळाच्या फाइली उघडून पाहिल्या, नवे खेळाडू घातले, गणवेश बदलले, मैदाने बदलली, आयपीएलचे संघ घातले. १५-१६ वर्षांनंतरही नव्या हंगामाचे पॅच निघत होते. आमच्याकडे येणाऱ्या काही मुलांना प्रोग्रॅमिंगची पहिली गोडी अशा पॅचमधून लागलेली असते, हे मी स्वतः पाहिले आहे. बाजाराने सोडलेला खेळ लोकांनी धरून ठेवल्याचे हे उदाहरण मला गंजिफाच्या शेजारी ठेवावेसे वाटते. फरक एवढाच की गंजिफाला चार माणसे एका चटईवर लागत; क्रिकेट ०७ एकट्याला संगणकाविरुद्ध खेळता येत होता. एकट्याने खेळता येणारा खेळ लोकप्रियता गेल्यावरही टिकतो. सर्व्हरवर चालणारा खेळ तसा टिकत नाही. ‘फार्मव्हिल’ पाहा: जून २००९ मध्ये आला, २०१० मध्ये महिन्याला आठ कोटींहून अधिक लोक त्यात शेती करत होते, आणि ३१ डिसेंबर २०२० ला मूळ खेळ कायमचा बंद झाला. तो चालवणाऱ्या झिंगा कंपनीचे बेंगळुरूतले कार्यालय २०१० मध्येच सुरू झाले होते. होसकोटे तालुक्यात खरी शेती पाहत येणारे संगणक अभियंते रात्री पडद्यावरची स्ट्रॉबेरी काढत बसायचे, हे दृश्य त्या वर्षांत आमच्या भागात नवे नव्हते.

पबजी : लाट कशी आली आणि कशी गेली

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झाले आणि पहिले काही महिने डेटा फुकट मिळाला. त्या आधी भारतातला मोबाइल खेळ म्हणजे नोकियावरचा साप, नंतर ‘टेम्पल रन’, ‘कँडी क्रश’. जाळे नसतानाही चालणारे. डेटा स्वस्त झाल्यावर शंभर जणांनी एकाच वेळी एकाच बेटावर उतरण्याचा खेळ साध्या फोनवर शक्य झाला. पबजी मोबाइल मार्च २०१८ मध्ये आला. किंमत शून्य, संगणकाची गरज नाही, कन्सोलची नाही, आणि चौघे एकमेकांशी बोलू शकतात. शेवटची गोष्ट मला निर्णायक वाटते. गावातला मित्र पुण्याला, दुसरा सुरतेला, तिसरा बेंगळुरूला. रात्री दहाला सगळे बेटावर भेटत. अनेकांसाठी तो खेळ म्हणजे एक कट्टा होता आणि बंदूक हे निमित्त.

वर्षभरात त्याची चर्चा घरापलीकडे गेली. २०१९ च्या सुरुवातीला एका ११ वर्षांच्या मुलाच्या वतीने त्यावर बंदी मागणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली. ‘परीक्षा पे चर्चा’मध्ये एका आईने मुलाच्या ऑनलाइन खेळाची तक्रार करताच पंतप्रधानांनी पबजीचेच नाव घेतले. मार्चमध्ये राजकोट पोलिसांनी बंदी घालून खेळणाऱ्या तरुणांना अटकही केली. अखेर २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने ११८ ॲप्सवर बंदी घातली, त्यांत पबजी मोबाइल होते. कारण व्यसनाचे नव्हते, चीनशी सीमेवर चाललेल्या तणावाचे आणि माहितीच्या सुरक्षेचे होते. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ ‘बीजीएमआय’ या नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा काढला गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला.

आता आपला मूळ प्रश्न. लोक पबजीला कंटाळले, की त्यांना तोडले गेले? माझे मत असे की दोन्ही झाले, पण क्रम महत्त्वाचा आहे. बंदी आली तेव्हा चमू मोडले. कुणी दुसऱ्या खेळाकडे वळले, कुणी नोकरीला लागले, कुणाचे लग्न झाले. खेळ परत आला तेव्हा खेळ तोच होता, कट्टा मात्र उठून गेला होता. गंजिफाचे चार भिडू इथेही लागू पडतात.

याशिवाय एक यांत्रिक कारण आहे, आणि ते अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने नीट समजून घ्यावे. अशा खेळांत तुमच्यासमोर कोण येणार हे एक गणित ठरवते. तुम्ही सुधारलात की प्रतिस्पर्धीही तगडे मिळतात. कॉन्ट्रात सराव केला की चौथी स्टेज सोपी होत असे आणि आपण सुधारलो हे डोळ्यांना दिसे. इथे शंभर तास खेळूनही जिंकण्या-हरण्याचे प्रमाण फारसे हलत नाही. सुधारणा झालेली असते, पण ती जाणवत नाही. ही उणीव भरून काढायला कंपन्या दर काही आठवड्यांनी नवा ‘सीझन’, नवे कपडे, नवी बक्षिसे आणतात. काही काळ ते चालते. मग एके दिवशी लक्षात येते की आपण खेळायला बसत नाही, हजेरी लावायला बसतो. हा कंटाळा आळसातून येत नाही. शिकण्यासारखे संपले की तो येतो. राफ कॉस्टर या अमेरिकी रचनाकाराने २००४ च्या आपल्या पुस्तकात हाच मुद्दा मांडला आहे: खेळातली मजा म्हणजे मेंदूने नमुना ओळखायला शिकणे, आणि नमुना कळला की मजा सरते.

पैशाच्या खेळांचा इतिहास मात्र निराळा, आणि तो इथे मिसळू नये. पैसे लावलेल्या खेळात नमुना कळला तरी माणूस उठत नाही, कारण गमावलेले परत मिळवायचे असतात. कर्नाटकाने २०२१ मध्ये अशा ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी घातली. उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ती तरतूद रद्द केली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने देशभरासाठी कायदा केला आणि मुंबईच्या ड्रीम ११ ला पैशाच्या स्पर्धा थांबवाव्या लागल्या. तुमच्या ओळखीत कुणी ‘कंटाळा आलाय पण सोडता येत नाही’ असे म्हणत असेल तर तो आवडीचा प्रश्न उरलेला नाही, हे ओळखा आणि त्याला एकटे सोडू नका.

देशाभिमानाने खेळ खपतो का?

पबजीवरील बंदीनंतर दोनच दिवसांनी, ४ सप्टेंबर २०२० ला, ‘फौजी’ या खेळाची घोषणा झाली. बनवणारी एनकोअर गेम्स ही बेंगळुरूचीच कंपनी, घोषणा अक्षयकुमारची, विषय गलवान खोरे, उत्पन्नाचा काही भाग ‘भारत के वीर’ निधीला. २६ जानेवारी २०२१ ला खेळ आला. लाखो लोकांनी पहिल्याच दिवसांत उतरवून घेतला. पण लोकांना हवा होता पबजीसारखा मित्रांचा कट्टा. हाती आली ती एकट्याने खेळायची हाणामारी, तीही सुरुवातीला बंदुकीशिवाय. तारांकित गुण भराभर उतरले. हे अपयश मी रचनाकारांच्या कौशल्यावर ढकलणार नाही. साडेचार महिन्यांत जाहीर झालेला खेळ बाजारात आणायचा म्हणजे अटारीच्या पाच आठवड्यांचीच आठवण येते.

याच्या उलट पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’. लोकवर्गणीची मोहीम फसली होती, तरी काम चालू राहिले आणि खेळ २०२० मध्ये आला. त्याची चर्चा जगभर झाली, त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात नामांकन मिळाले. पण आमच्या वसतिगृहात विचाराल तर फौजीचे नाव सगळ्यांनी ऐकलेले, राजी खेळलेले एक-दोघेच. लोकप्रियता आणि गुण यांचे नाते इतके सैल का असते?

यावर २००६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात सालगॅनिक, डॉड्स आणि वॉट्स यांचा एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी १४,३४१ लोकांना अनोळखी गायकांची ४८ गाणी ऐकायला आणि हवी ती उतरवून घ्यायला दिली. काहींना इतरांनी काय निवडले ते दिसत नव्हते. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या ‘जगां’त वाटले होते आणि प्रत्येक जगात आधीच्यांच्या निवडीचे आकडे दिसत. निकाल असा: आठ जगांत पहिल्या क्रमांकाची गाणी वेगवेगळी निघाली. फार चांगले गाणे सहसा तळाला गेले नाही, फार वाईट सहसा वर आले नाही, पण मधल्यांचे नशीब कुठेही गेले. इतरांची गर्दी दिसली की गर्दी वाढते. होसकोट्याला पहाटे चार वाजता बिर्याणीसाठी बेंगळुरूहून गाड्या भरभरून लोक येतात. बिर्याणी चांगलीच असते, पण रांग पाहून रांगेत उभे राहणारेही त्यांत कमी नसतात. ॲप स्टोअरवरचा ‘टॉप टेन’ हीच रांग आहे.

आणि आवड तरी एका जातीची कुठे असते? रिचर्ड बार्टल या इंग्रज संशोधकाने १९९६ मध्ये मजकुरावर चालणाऱ्या जुन्या बहुखेळाडू खेळांतले लोक पाहून चार प्रकार केले आणि त्यांना चक्क पत्त्यांचे चार रंग दिले. गुण मिळवत राहणारे ते चौकट, नकाशा धुंडाळणारे इस्पिक, गप्पांसाठी येणारे बदाम, आणि दुसऱ्याला हरवण्यात सुख मानणारे किलवर. वर्गीकरण ढोबळ आहे, त्यावर टीकाही झाली, पण सुरुवातीला उपयोगी पडते. पबजीच्या चमूत बदाम आणि किलवर सुखात असतात. इस्पिक असलेल्या मुलाला त्याच बेटावर फिरायचे असते, घरे उघडून पाहायची असतात, आणि पंधराव्या सेकंदाला गोळी लागते. त्याने तो खेळ नाकारला तर त्याच्यात खोट शोधू नये. गेली काही वर्षे मी स्वतः ‘एज ऑफ एम्पायर्स’ पलीकडे फारसे खेळत नाही, आणि त्यातही लढाई टाळून भिंती बांधतो. सांगलीचा रणगाड्यांचा नकाशा अजून सुटलेला नाही.

तुमच्यापैकी काही जण या क्षेत्रात नोकरी शोधतील, त्यांच्यासाठी बेंगळुरूची एक नोंद. राजेश राव यांनी इथे सुरू केलेली ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही भारतातल्या पहिल्या खेळ-निर्मिती कंपन्यांपैकी एक. परदेशी खेळांसाठी चित्रकाम आणि वस्तूंची त्रिमिती रूपे बनवणे हा तिचा मुख्य व्यवसाय झाला. मे २०१९ मध्ये रॉकस्टारने ती ७९ लाख डॉलरला घेतली आणि आपल्या इथल्या शाखेत सामील केली. म्हणजे ज्या ‘व्हाइस सिटी’ची चोरीची सीडी एका पिढीने खेळली, त्याच कंपनीची नोकरी पुढच्या पिढीला होसकोट्याहून बसने जाता येईल अशा अंतरावर आली. अशा नोकरीत तुम्ही वर्षभर एखाद्या गाडीचे दरवाजे किंवा भिंतीवरचा ओला डाग रंगवत असाल, आणि तो खेळ तुमच्या आवडीचा असेलच असे नाही. मुलाखतीत ‘मला गेम खूप आवडतात’ या वाक्याला फार वजन नसते. कोणता खेळ, त्यातली कोणती गोष्ट आवडली, आणि कुठे येऊन तो सोडला, हे नेमके सांगणाऱ्याकडे समोरचा माणूस मान वर करून पाहतो.

पुढच्या तासासाठी काम: घरातल्या तीन पिढ्यांतल्या, किंवा शक्य नसेल तर तीन वेगवेगळ्या वयाच्या माणसांशी बोला. प्रत्येकाला वयाच्या पंधराव्या वर्षी सर्वांत जास्त कोणता खेळ खेळत होतात ते विचारा; मग तो पत्त्यांचा असो, सोंगट्यांचा असो की पडद्यावरचा. साधन कुणाचे होते, भिडू कोण होते, पैसे कुणी दिले, घरच्यांचा विरोध होता का, हे लिहून घ्या. शेवटी तो खेळ कोणत्या महिन्यात किंवा कोणत्या प्रसंगानंतर सुटला ते विचारा. ‘कंटाळा आला’ असे उत्तर मिळाले तर तिथे थांबू नका, त्या सुमारास घरात किंवा गल्लीत काय बदलले होते ते विचारा. आजी-आजोबांना गंजिफाचे नियम येत असतील तर मात्र बाकीचे प्रश्न बाजूला ठेवा आणि आधी तो डाव शिकून घ्या.